माझदा आरएक्स-७: व्हॅक्यूम नळ्यांचा पसारा आवरला, सिक्वेन्शियल टर्बो ठेवले – वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. माझ्या १९९३ च्या आरएक्स-७ वर (माझदाची स्पोर्ट्स कार; एफडी ही तिची तिसरी पिढी, इंजिन १३बी-आरईडब्ल्यू) व्हॅक्यूमच्या जुन्या नळ्या बदलून कमी करायचं काम केलं त्याला वर्ष होत आलंय. ह्यूस्टनचा एक अख्खा उन्हाळा गाडीने काढलाय आणि ४५०० आरपीएमला दुसरा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) अजून चोख लागतो. पण याचं श्रेय नळ्या कमी केल्याला द्यायचं, तर मी चार आणेच देईन. उरलेले बारा आणे नळ्या नव्या घातल्याचे. या गाडीबद्दल जी बोंब असते, 'नळ्याच फार, म्हणून बिघडते', ती मला आता पटत नाही. नळ्या फार आहेत हे खरं. पण बिघडते ती तीस वर्षं भाजून निघालेल्या रबरामुळे.

आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यांसमोर येते, त्यामुळे थोडी ओळख करून देतो. या गाडीत पिस्टन नाहीत, इंजिन रोटरी आहे. ६५४ सीसीचे दोन तिकोनी रोटर, म्हणजे सगळं मिळून १३०८ सीसी. त्यावर हिताचीचे दोन टर्बो, आणि अमेरिकन मॉडेलला ताकद २५५ हॉर्सपॉवर. गंमत अशी की दोन्ही टर्बो एकदम चालत नाहीत. खालच्या आरपीएमला एकटा पहिला टर्बो साधारण १० पीएसआय बूस्ट (जादा हवेचा दाब) देतो. ४५०० च्या सुमारास दुसरा सामील होतो, तेव्हा बूस्टचा काटा क्षणभर ८ वर उतरतो आणि परत १० वर येतो. असे एकामागून एक लागणारे टर्बो म्हणजे सिक्वेन्शियल. हे '१०-८-१०' दिसलं की आरएक्स-७ वाला समाधानाने मान डोलावतो.

आता हा सांधेबदल करतं कोण? एक्झॉस्टमधली एक झडप दुसऱ्या टर्बोकडचा रस्ता उघडते. त्याआधी प्री-कंट्रोल थोडा एक्झॉस्ट सोडून त्याला फिरतं ठेवतो. त्याची दाबलेली हवा आधी रिलीफ व्हॉल्व्हमधून वळवली जाते आणि वेळ आली की चार्ज कंट्रोलची झडप ती इंजिनाकडे सोडते. या सगळ्या झडपा हलवणारे अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूम (इंजिनाची हवा ओढण्याची शक्ती) आणि दाबावर चालतात. त्यासाठी एक व्हॅक्यूम साठवायची टाकी, एक दाबाची टाकी, एकतर्फी व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) खाली दडवलेली सोलेनॉइडची (विजेवर उघडझाप करणाऱ्या छोट्या झडपांची) रांग. ही सगळी मंडळी एकमेकांना जोडली आहेत ती बोरूएवढ्या नळ्यांनी. एक जरी नळी गळाली तरी दुसरा टर्बो रुसतो. माझ्या गाडीत ४५०० नंतर काटा ४-५ वर पडायचा आणि तिथेच बसून राहायचा.

मॅनिफोल्ड उचलला तेव्हा कारण हातातच आलं. बाहेरून नळ्या ठीकठाक दिसत होत्या, पण टोकाला धरून वाकवल्या की जुन्या शेवेसारख्या कटकन मोडत होत्या. रोटरीचा एक्झॉस्ट भयंकर तापतो, त्यात टर्बो दोन आणि बॉनेटखाली वाऱ्याला जागा नाही. रबर तरी काय करणार?

इथे लोकांचे तीन पंथ आहेत. पहिला म्हणतो सगळं मूळ ठेवा, फक्त नळ्या बदला. दुसरा म्हणतो सिक्वेन्शियल काढून टाका, दोन्ही टर्बो कायम एकत्र चालवा, म्हणजे बहुतेक सोलेनॉइडला सुट्टी. तिसरा मधला: सिक्वेन्शियल ठेवायचं, पण त्याच्याशी संबंध नसलेलं आणि वळसे घालत जाणारं कमी करायचं. मी मधल्या पंथात गेलो. त्याचं एक कारण म्हणजे १९९६ मध्ये माझदाने जपानी मॉडेलवर स्वतःच नळ्यांची मांडणी सुटसुटीत केली, पण सिक्वेन्शियल टर्बो तसेच ठेवले, ते २००२ मध्ये गाडी बंद होईपर्यंत. कंपनीला जे काढावंसं वाटलं नाही ते मी कशाला काढू?

दुसऱ्या पंथाची गाडी डॅलसच्या एका मित्राकडे आहे आणि मी ती पोटभर चालवली आहे. बॉनेट उघडल्यावर डोळ्यांना फार छान वाटतं. वरच्या आरपीएमला ओढही सलग, मधला झटका नाही. पण सिग्नलवरून निघताना, गावातल्या रहदारीत, दुसऱ्या गिअरला २५०० वर पाय दाबा, गाडी विचारात पडते. इंजिन केवढंसं, आणि एकदम दोन टर्बो फिरवायचे. ट्रॅकवर जाणाऱ्याला चालेल. मला रोज एचईबीला (इथलं किराणा-भाजीचं दुकान) जाऊन भाजी आणायची असते.

प्रत्यक्षात काय केलं ते सांगतो. थ्रॉटल बॉडीतला डबल थ्रॉटल काढला. इंजिन थंड असताना तो हवा कमी सोडतो, एवढंच त्याचं काम, आणि थंड इंजिनाला मी तसाही रेटत नाही. जिथे टी-जॉइंटमागे टी-जॉइंट लावून नळी इंजिनभर फिरवली होती, तिथे अ‍ॅल्युमिनियमचा एक ब्लॉक बसवून सगळ्या फांद्या तिथूनच काढल्या. सोलेनॉइडची रांग ठेवली, पण प्रत्येक सोलेनॉइड बाकावर तपासला. १२ व्होल्ट दिल्यावर 'टिक' वाजलं म्हणजे तो चांगला, असं मुळीच नाही. टिक वाजूनही हवा दोन्हीकडे सोडणारे निघाले. तोंडाने फुंकून बघायचं, दुसरा इलाज नाही. एकतर्फी व्हॉल्व्हही तसेच. टाक्यांना हातपंप लावून व्हॅक्यूम भरायचा आणि काटा बघत बसायचं. काटा घसरला की गळती.

हे काम करणाऱ्यांना दोन इशारे. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूला सोडून बूस्ट आवरणारी झडप) आणि प्री-कंट्रोलच्या नळ्यांच्या आत बारीक भोकाचा एकेक पितळी मणी असतो. नळी कापून फेकण्याआधी तो काढून घ्या. तो कचऱ्यात गेला तर बूस्टचा हिशेबच बदलतो. आणि जुनी नळी ओढून काढू नका, ब्लेडने उभी चिरा. सोलेनॉइडचं प्लास्टिकचं नाक तितकंच म्हातारं असतं, नळीबरोबर तेही हातात येतं.

नळ्या सिलिकॉनच्या घेतल्या, बहुतेक ४ मिलिमीटरच्या, काही ६ च्या, जाड भिंतीच्या. पातळ भिंतीची स्वस्त नळी वळणावर चेपते आणि व्हॅक्यूममध्ये आतून बसते. सिलिकॉनला उष्णता चालते, पण पेट्रोलची वाफ आणि तेल चालत नाही, ते फुगतं. म्हणून पेट्रोलच्या टाकीची वाफ नेणारी पर्जची नळी इंधनासाठीच्या रबराचीच ठेवली. रंगीत सेट घेऊन सगळीकडे निळंनिळं करणारे बघतो तेव्हा हसू येतं.

आता अनुभव. आयडलिंग स्थिर झालं, एसी लावला की पूर्वी गाडी अंग टाकायची ते थांबलं. बूस्टचा काटा १०-८-१० दाखवतो, गरम दिवशी ८ ऐवजी कधी ७ वर उतरतो, पण वर येतो. मायलेज बदललं नाही; रोटरीकडून ती अपेक्षाही नव्हती. ताकद वाढली असंही नाही, हरवलेली होती ती परत आली. सकाळी थंड इंजिन ३००० आरपीएमवर ओरडतं ते तसंच आहे. ती धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायची कंपनीची युक्ती आहे, नळ्यांचा त्यात दोष नाही. शेजाऱ्यांना हे समजावणं मी सोडून दिलंय.

इंधनाचा दाब सांभाळणारा पीआरसी सोलेनॉइडही बरेच जण काढतात. मी ठेवला आणि ऑगस्टमध्ये त्याची किंमत कळली. भर दुपारी गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत चालू करायची म्हटलं की इंधनाच्या रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) वाफ धरते. हा सोलेनॉइड रेग्युलेटरचा व्हॅक्यूम तोडून दाब वाढवतो आणि गाडी पहिल्या सेल्फला लागते. मित्राची गाडी अशा वेळी बराच सेल्फ मागते.

एअर पंप (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मी काढले नाहीत. टेक्सासात २४ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला धुराची चाचणी नाही हे खरं, पण चाचणीतून सूट म्हणजे यंत्रणा उखडायला परवानगी नव्हे; केंद्रीय कायदा आड येतो. कॅलिफोर्नियात तर १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्या चाचणीत धरतात, तिथे हा विचारच नको. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पंपाशिवाय कॅट नीट काम करत नाही, आणि कॅटशिवाय रोटरीचा धूर कपड्यांना चिकटतो. मित्राच्या गाडीतून उतरलो की बायकोला न सांगता कळतं.

तक्रारी आहेतच. काम वेळखाऊ आहे, चार-दोन शनिवार-रविवार सहज जातात. सिलिकॉन नळी धारदार नाकावर घासून चिरते. काही महिन्यांनी वेस्टगेटकडची एक तशीच चिरलेली सापडली, टोक कापून परत बसवली. ज्या दुकानातून नळ्यांचा सेट मागवला, त्यांनी पाठवलेली आकृती जपानी मॉडेलची होती, अमेरिकन गाडीशी जुळत नव्हती. फोनवर 'बघतो' म्हणाले, ते अजून बघतायत. शेवटी जुन्या नळ्यांवर मास्किंग टेपने आकडे घालून काढलेले स्वतःचे फोटोच कामी आले.

एक गोष्ट मात्र नळ्यांपेक्षा महत्त्वाची. मॅनिफोल्ड निघालाच आहे तर खाली इंधनाच्या रेलवरचा पल्सेशन डॅम्पर (इंधनाच्या दाबाचे हेलकावे शोषणारा भाग) बघा. जुना झाला की त्याच्या डोक्यावरून पेट्रोल झिरपतं, ते थेट गरम इंजिनावर पडतं, आणि या गाड्या पेट घेण्याचं ते नावाजलेलं कारण आहे. माझा कोरडा होता, तरी बदलला. सोबत इंजेक्टरचे ओ-रिंग आणि मॅनिफोल्डचं गॅसकिटही मागवून ठेवा, नाहीतर एका गॅसकिटसाठी गाडी आठवडाभर जॅकवर उभी राहते.