विविध, नानाविध, बहुविध की वैविध्यपूर्ण?

अहवाल, प्रस्तावना किंवा मानपत्र लिहिताना ‘अनेक प्रकारचे’ हा अर्थ औपचारिक शब्दात मांडायचा झाल्यास विविध, नानाविध, बहुविध आणि वैविध्यपूर्ण हे चार शब्द समोर येतात. चारांच्याही मुळाशी ‘विध’ म्हणजे प्रकार हाच घटक आहे. तरीही ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण वेगळेपण अनेक वस्तूंमध्ये वाटलेले आहे की एकाच गोष्टीच्या अंगी आहे, यावर निवड ठरते.

‘विविध’ हा सर्वांत निर्धोक शब्द आहे आणि सर्वांत झिजलेलाही. ‘विविध मागण्यांसाठी मोर्चा’ या बातमीत त्याचा अर्थ केवळ ‘काही’ एवढाच उरतो. म्हणून प्रकारांची विपुलता हाच सांगण्याचा मुद्दा असेल, तेव्हा तो अपुरा पडतो. ‘विविधता’ या नामाचे तेज मात्र टिकून आहे. शालेय प्रतिज्ञेतील ‘विविधतेने नटलेल्या परंपरा’ आणि २००२ च्या कायद्यामुळे प्रशासनातही रुळलेली ‘जैवविविधता’ येथे दुसरा शब्द चालणार नाही.

‘नानाविध’ शब्दाला जुन्या ओव्यांतील ‘नाना’चा गोडवा आहे. अलंकार, पक्वान्ने, फुले यांची रेलचेल वर्णन करताना तो खुलतो, परंतु लेखापरीक्षणाच्या अहवालात तो नटवा वाटतो. शिवाय ‘नाना सबबी’, ‘नाना खटपटी’ अशा बोलण्यामुळे ‘नाना’ला कंटाळ्याची एक छटाही चिकटली आहे, तक्रारीच्या मजकुरात ती अनवधानाने डोकावू शकते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत नेमका शब्द ‘बहुविध’ हा आहे. एकाच व्यक्तीची, संस्थेची किंवा शक्तीची अनेक अंगे दाखवायची असतील, तर तोच घ्यावा. अर्थशास्त्र, घटनानिर्मिती, पत्रकारिता आणि सामाजिक लढे यांत पसरलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कार्य ‘बहुविध’ म्हटले की त्यामागचा एक कर्ता डोळ्यांसमोर राहतो. ‘विविध कार्ये’ म्हटले की ती सुटी सुटी होतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या, माणसाच्या बुद्धीला अनेक अंगे असतात या सिद्धांतासाठी शिक्षणशास्त्रात ‘बहुविध बुद्धिमत्ता’ ही संज्ञा रूढ झाली, ती म्हणूनच योग्य वाटते.

‘वैविध्यपूर्ण’ हे विशेषण समूहाला किंवा समग्र गोष्टीला लावावे. कासचे पठार वैविध्यपूर्ण आहे, तेथील पुष्पसृष्टीही वैविध्यपूर्ण आहे. परंतु ‘तेथे वैविध्यपूर्ण फुले आढळतात’ या वाक्यात प्रत्येक फूलच अनेक प्रकारचे असल्याचा भास होतो, म्हणून तेथे ‘विविध’ किंवा ‘नानाविध’ बरे. नाम हवे असेल तर ‘वैविध्य’ किंवा ‘विविधता’ यांपैकी एक घ्यावे. अलीकडे वरचेवर दिसणारे ‘वैविध्यता’ हे रूप टाळावे, कारण ‘वैविध्य’ हे मुळातच भाववाचक नाम असल्याने त्याला पुन्हा ‘ता’ प्रत्यय लागत नाही.