ओपेल कोर्सा रॅली इलेक्ट्रिक : बॅटरीच्या मापाने बेतलेली रॅली

विजेवर धावणारी गाडी खऱ्या रॅलीत उतरवता येते का, या प्रश्नावर बरीच चर्चा झाली. पण हौशी स्पर्धकाला विकत घेता येईल अशी तयार गाडी पुढे ठेवण्याचे काम ओपेल या जर्मन मोटार कंपनीने केले. २०१९ मध्ये कोर्सा-ई रॅली या नावाने ही गाडी जाहीर झाली आणि २०२१ पासून जर्मनीतील एडीएसी या मोटार क्लबच्या साथीने केवळ तिच्यासाठी स्वतंत्र चषक स्पर्धा सुरू झाली. रॅलीच्या विद्युत भवितव्याचा अंदाज घ्यायचा असेल, तर माझ्या मते याच गाडीकडे बारकाईने पाहायला हवे.

तिची यंत्रणा रस्त्यावरच्या कोर्साचीच आहे. तळाशी ५० किलोवॅट-तासांची बॅटरी, पुढे १०० किलोवॅट, म्हणजे १३६ अश्वशक्तीची मोटर आणि २६० न्यूटन-मीटर टॉर्क. त्यावर रोल केज (गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा पोलादी सांगाडा), बिलस्टाइन कंपनीचे धक्के शोषणारे डॅम्पर आणि एकच चाक नुसते फिरू न देता ताकद दोन्ही चाकांत वाटणारे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल चढवले आहे. आकडे माफक वाटतात, पण अरुंद वळणातून बाहेर पडताना या गाडीचा स्वभाव कळतो. पेट्रोल गाडीत खालचा गिअर टाकून इंजिनचे आरपीएम चढेपर्यंत जो क्षण जातो तो येथे जात नाही. पॅडल दाबताच सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर येते, आणि पाय जरा घाईने पडला की टायर नुसते फिरत राहतात. नवोदित चालकाच्या पायाला शिस्त लावणारी ही गाडी आहे. गिअर बदलण्याचे कसब मात्र तिच्यावर शिकता येत नाही, आणि पुढच्या वर्गात जाऊ पाहणाऱ्याला ही उणीव जाणवेल.

आवाजाचा प्रश्न वरवर भावनिक वाटतो, पण तो मुळात सुरक्षेचा आहे. स्टेजच्या, म्हणजे वेळ मोजून धावायच्या बंद रस्त्याच्या, कडेला उभे असलेले मार्शल (स्पर्धेची सुरक्षा पाहणारे कर्मचारी) आणि प्रेक्षक गाडी दिसण्याआधी ती ऐकतात आणि मागे सरकतात. म्हणूनच या कोर्साला बाहेरच्या बाजूने ध्वनिक्षेपक बसवावे लागले. त्यातून निघणाऱ्या आवाजाने जुन्या रसिकांचे मन भरणार नाही, हे मान्य; तरी ही सोय मला आवश्यकच वाटते.

खरी अडचण अंतराची आहे. रॅलीत फक्त स्टेज धावून भागत नाही. एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंतचा रस्ताही त्याच बॅटरीवर कापावा लागतो. त्यामुळे चषकाचे वेळापत्रकच बॅटरीच्या मापाने बेतले गेले : थोड्या स्टेज, मग सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्यांच्या देखभालीच्या तळावर, जलद चार्जिंगचा थांबा, मग पुन्हा स्टेज. हा मार्ग प्रामाणिक आहे. उलट रॅलीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेने २०२२ मध्ये वरच्या वर्गातील गाड्यांना ३.९ किलोवॅट-तासांची छोटी बॅटरी आणि १०० किलोवॅटची मोटर जोडली, खर्च आणि गुंतागुंत वाढवली, आणि २०२५ च्या हंगामापासून ती यंत्रणा काढूनही टाकली. २०२४ ची डाकार रॅली जिंकणारी आउडीची आरएस क्यू ई-ट्रॉन विद्युत मोटरींवर धावत होती खरी, पण वाळवंटातले लांब पल्ले गाठण्यासाठी तिच्या पोटात बॅटरी भरणारे पेट्रोल इंजिन होतेच. या दोन्हींपेक्षा छोट्या कोर्साने मर्यादा उघडपणे स्वीकारून स्पर्धा उभी केली, याचे मोल मला अधिक वाटते.

आता ओपेलने मोक्का जीएसई रॅली ही पुढची गाडी आणली आहे. तिची ताकद २०७ किलोवॅट, टॉर्क ३४५ न्यूटन-मीटर, पण बॅटरी ५४ किलोवॅट-तासांचीच. म्हणजे वेग दुपटीच्या ताकदीने मिळेल, पल्ला मात्र फारसा वाढणार नाही. जोरात चालवल्यास कदाचित घटेलही. कोर्सा ज्या छोट्या, एका सर्व्हिस पार्कभोवती फिरणाऱ्या रॅलींसाठी योग्य आहे, त्यांसाठी मी तिची मनापासून शिफारस करेन. परंतु यांपैकी कोणतीही गाडी घेण्यापूर्वी आपण उतरणार असलेल्या रॅलीच्या आयोजकांकडे पुरेशा क्षमतेचे जलद चार्जर आहेत का, आणि अपघातग्रस्त गाडीतील उच्च दाबाची वीज हाताळण्याचे प्रशिक्षण त्यांच्या मार्शलना मिळाले आहे का, हे आधी विचारून घ्यावे.