आर्टेमियाची अंडी: एंजलच्या पिल्लांसाठी घेतली ते बरंच झालं

माझ्या एंजल माशांच्या जोडीने तिसऱ्यांदा अंडी घातली तेव्हाच ठरवलं, या खेपेला पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक खायला घालायचा नाही. आधी दोनदा त्यानेच पाणी नासलं आणि पिल्लं हातची गेली. म्हणून आर्टेमियाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाच्या, अंड्यांची ५० ग्रॅमची बाटली मागवली.

कोल्ड्रिंकची बाटली उलटी कापून १ लिटर पाणी, २५ ग्रॅम जाडं मीठ, अर्धा चमचा अंडी घातली आणि एअर पंप लावला. २८ अंशांना २४ तासांत पाणी नारिंगी! पंप बंद करून तळाशी टॉर्च धरला की टरफलं वर तरंगतात, जिवंत जीव उजेडाकडे खाली गोळा होतात. ते बारीक नळीने ओढायचे, कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुवायचे. पिल्लं पोहायला लागल्यावरच घाला, आधी नाही. थोड्याच वेळात त्यांची इवली पोटं नारिंगी दिसतात. ते बघून जीव इतका सुखावतो!

बाटली महाग आहे, पण सुट्या पुडीच्या भानगडीत पडू नका. माझ्या तसल्या पुडीतली निम्मी अंडीसुद्धा फुटली नव्हती. उघडल्यावर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. आज ३० वा दिवस, साठेक पिल्लं टाकीत फिरताहेत.