ग्राफाईट पास, पाणी नापास: वर्षभर बीम खाल्लेल्या टार्गेटचा अनुभव

परवा पुन्हा पाणी गळालं, म्हणून हे लिहायला बसलोय. लॅबचं नाव सांगत नाही, नोकरी आहे अजून. प्रोटॉनचा झोत, म्हणजे बीम, ज्या वस्तूवर आदळवून न्यूट्रिनो (जवळपास कशालाच न अडणारे सूक्ष्म कण) मिळवतात तिला टार्गेट म्हणतात. आमचं टार्गेट म्हणजे एकामागे एक लावलेली ग्राफाईटची पाती आणि त्यांना थंड ठेवायला जोडलेल्या पाण्याच्या बारीक नळ्या. जास्त वर्णन करत नाही.

आधी पुरवठादाराचा किस्सा. वॉरंटीत लिहिलंय, सदोष नग तपासणीसाठी परत पाठवावा. वर्षभर बीम खाल्लेलं टार्गेट! त्याच्याजवळ माणूस उभा राहू शकत नाही, जाड काचेआडून यांत्रिक हातांनी हलवावं लागतं, आणि हे म्हणतात कुरियर करा. फोटो पाठवले तर उत्तर आलं: ग्राफाईट आमचं, ते शाबूत दिसतंय, नळीचा जोड ज्याचा त्याला विचारा. तेव्हाच एक तारा देऊन मोकळा होणार होतो.

शाबूत तर ते नसतंच. प्रोटॉन आत घुसला की कार्बनचे अणू जागचे उडतात आणि थरांच्या मधल्या फटीत अडकून बसतात. थर एकमेकांपासून दूर ढकलले जातात, स्फटिक एका दिशेने फुगतो, दुसऱ्या दिशेने आक्रसतो. शिवाय एवढ्या ऊर्जेचे प्रोटॉन अणुकेंद्रकंच फोडतात, त्यातून हायड्रोजन आणि हेलियम आतल्या आत तयार होतो. अणुभट्टीतल्या ग्राफाईटला हा जाच इतका नसतो, त्यामुळे तिकडचे तक्ते उचलून इकडे लावता येत नाहीत. सगळ्यात आधी ढासळते ती उष्णता वाहून नेण्याची क्षमता, आकारातला फरक मोजता येण्याच्या कितीतरी आधी. थंडाव्याचं गणित नव्या ग्राफाईटवर केलेलं असतं आणि बीम सुरू झाल्यावर थोड्याच काळात ते ग्राफाईट उरलेलं नसतं.

अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेत, नूमी नावाच्या न्यूट्रिनो बीमलाइनवर (झोत नेणाऱ्या मार्गावर) हे सगळ्यांनी पाहिलंय. १२० जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे प्रोटॉन, २० मिलिमीटर लांबीची ४७ पाती. एनटी-०२ हे टार्गेट २००६ ते २००९ चाललं आणि त्याने सहावर वीस शून्यं एवढे प्रोटॉन पचवले. मिनोस या न्यूट्रिनो प्रयोगाच्या जवळच्या डिटेक्टरमध्ये न्यूट्रिनो महिन्यागणिक कमी होत गेले, तूट दहा टक्क्यांच्या घरात गेली. हॉर्न, म्हणजे टार्गेटमधून निघालेले कण एकवटणारं चुंबकीय उपकरण, बदलला तरी घसरण तशीच, म्हणून बोट टार्गेटकडे वळलं. पुढे पाती काढून तपासली तेव्हा बीम आदळत होता तिथे फुगवटा आणि भेगा सापडल्या.

पण त्याच बीमलाइनवरच्या बाकीच्या टार्गेटांचं काय झालं तेही बघा. पहिलं, एनटी-०१, २००५ मध्ये सुरू होताच गळलं. हेलियमचा दाब देऊन पाणी मागे रेटलं आणि काम पुढे चालू ठेवलं. याला म्हणतात जुगाड! नंतरच्या काही टार्गेटांनीही पाण्यापायीच मान टाकली. ग्राफाईट झिजलंय हे कळायला टार्गेट आधी तेवढं टिकायला हवं ना? गीझरची टाकी धडधाकट आणि जोड ठिबकतोय, तसला प्रकार. त्यात हे पाणी साधं नाही, ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) असलेलं. टिपून बादलीत ओतलं आणि झालं, असं होत नाही. प्रत्येक थेंबाचा हिशोब, प्रत्येक थेंबाची सही.

माझं मत बदललं ते हॉट सेलच्या (किरणोत्सारी वस्तू हाताळायच्या बंदिस्त खोलीच्या) कॅमेऱ्यात आमचं टार्गेट बघताना. पात्यांच्या मधोमध भेगा दिसत होत्या, पण एकही पातं पडलं नव्हतं. गळती पूर्णपणे जोडावर. तेव्हापासून मला वाटायला लागलंय की पाणी फक्त गळतं म्हणून वाईट नाही, ते ग्राफाईटला नको इतकं थंड ठेवतं म्हणूनही वाईट आहे. थंड ग्राफाईटमध्ये उडालेले अणू अडकतात तिथेच राहतात, तापलेल्यात त्यातले बरेचसे जागेवर परततात. अडकलेल्या अणूंबरोबर ऊर्जाही साठते. १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीत हीच विग्नर ऊर्जा मोकळी करायला गेले आणि आग लागली. टार्गेटमध्ये ग्राफाईट मूठभर, तसलं संकट इथे नाही, पण भौतिकशास्त्र तेच.

जपानमध्ये टी२के या न्यूट्रिनो प्रयोगाचं टार्गेट बघा: ग्राफाईटचा २६ मिलिमीटर जाडीचा, हातभरापेक्षा लांब दांडा, थंडाव्याला पाण्याऐवजी भोवती हेलियम, आणि पूर्ण ताकदीच्या बीमवर सुमारे ७०० अंश सेल्सियस तापणार हे गृहीत धरूनच केलेली रचना. स्वित्झर्लंडच्या पीएसआय या संशोधन संस्थेमध्ये तर ग्राफाईटचं चाक सेकंदाला एक फेरा मारतं, १७०० केल्विनच्या आसपास तापतं आणि उष्णता नुसती प्रारणाने बाहेर टाकतं. नुकसान एका ठिपक्यावर न साचता अख्ख्या कडेवर वाटलं जातं. आक्रसणं तिथेही आहे, म्हणून चाकाची कडा तुकड्यांत विभागलेली असते. डोकेदुखी मात्र बेअरिंगची, कारण एवढ्या उष्णतेत आणि निर्वातात तेल चालत नाही. जपानच्या जे-पार्क केंद्रातल्या म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) बनवणाऱ्या टार्गेटनेही २०१४ मध्ये स्थिर ठोकळा सोडून फिरतं चाक घेतलं आणि बेअरिंगला टंगस्टन डायसल्फाइडचं घन वंगण लावलं. तापवायलाही मर्यादा आहे म्हणा. फार तापलं की ग्राफाईटची वाफ व्हायला लागते आणि हवा शिरली की ते जळतं.

तर ग्राफाईटला चार तारे. एक कापला, कारण घसरण इतकी हळू असते की डेटा घेणाऱ्यांना ती आपल्याच विश्लेषणातली चूक वाटत राहते. पाण्याच्या नळ्यांना शून्य. पैशांचं म्हणाल तर पात्यांची किंमत हिशोबात येतच नाही, टार्गेट बदलायला बीम जितके आठवडे बंद राहतो तीच खरी किंमत.

पुढच्या नगासाठी पाण्याऐवजी हेलियमने थंड करणारी यंत्रणा मागितली. खरेदी विभागाने कॉम्प्रेसरचा दर बघून 'पाणी स्वस्त पडते' असा शेरा मारला आणि फाईल परत पाठवली. बंद बीमच्या आठवड्यांचा खर्च जोडून मी ती पुन्हा वर सरकवली आहे.