उलानबातरहून एकच छोटं चित्र आणायचं असेल तर

मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरच्या गॅलऱ्यांत, दोन तऱ्हांच्या चित्रांपाशी पाय अडतो. एक, वहीच्या पानाएवढं अमूर्त तैलचित्र, आजच्या एखाद्या चित्रकाराचं. दुसरं, त्याच मापाचं ‘मोंगोल झुराग’ शैलीतलं. दोन्ही आवडली, पण घ्यायचं एकच, असं असेल तर माझा कौल तैलचित्राला. आणि त्याचं कारण मापात आहे.

झुराग म्हणजे चित्र. मोंगोल झुराग ही थांका, म्हणजे कापडावरच्या बौद्ध धार्मिक चित्रांच्या परंपरेच्या मुशीतून आलेली शैली: सपाट रंग, बारीक रेघ, छायाप्रकाश जवळजवळ नाहीच. चित्रकार बाल्दू शारव (१८६९–१९३९) यांचं ‘मंगोलियातला एक दिवस’ हे चित्र उलानबातरच्याच झानाबाझार कलासंग्रहालयात आहे. विकत घेण्याआधी ते बघाच. सुती कापडावर खनिज रंग, आणि त्यात नमदा करणारी माणसं, लग्न, जनावरं, तंबू. कुठूनही सुरुवात करा, नजर हिंडतच राहते. ही शैली गर्दीवर जगते. तीच वहीच्या पानावर आणली की बहुतेकदा उरतो एक उंट, एक गेर (तिथला गोल तंबू) आणि मागे डोंगर. नोमिन बोल्डसारखे आजचे कलाकार याच शैलीत आजचं जगणं आणतात, पण तेही मोठ्या मापातच खुलतं असं मला वाटतं.

अमूर्ताला प्रसंग मांडायचा नसतो, म्हणून लहान जागा त्याला पुरते. ‘पण यात मंगोलियन काय?’ हा प्रश्न घरी कुणीतरी विचारणारच. समाजवादी काळात तिथले चित्रकार मॉस्को-लेनिनग्राडला शिकून येत आणि सरकारमान्य वाट वास्तववादाची होती. १९९० च्या लोकशाही क्रांतीनंतर अमूर्त चित्र उघडपणे मांडता येऊ लागलं. त्यामुळे घोडा नसलेलं चित्रही त्या देशाच्या इतिहासातूनच आलेलं असतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मात्र तपकिरी रंग फासून ‘गोबी’ असं नाव दिलेल्या चित्रांपासून जपा. नाव झाकून बघा. मग चित्र उलटं धरा. तरीही नजर धरून ठेवत असेल तर खिडकीशी नेऊन उजेडात तिरपं करा: पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीने दिलेले थर, खरवडलेली जागा, खालून डोकावणारा आधीचा रंग. चित्रकाराचा हात तिथे दिसतो. मागे सही आणि साल आहे का, तेही बघा.

तैलरंगाची एक अडचण खरी आहे. वरून सुकलेला जाड थर आत महिनोन्‌महिने ओला असू शकतो. चित्र कधी रंगवलं ते विचारा, गुंडाळी करू नका, आणि बबल रॅपचे फुगे थेट रंगावर टेकू देऊ नका.

भेट म्हणून आईबाबांसाठी किंवा लहान मुलांसाठी घेत असाल तर मात्र झुरागच घ्या. त्यात शिरायला कुणाची मदत लागत नाही. फक्त ते बहुधा पाण्यात कालवलेल्या रंगाचं असतं, म्हणून काच हवीच, आणि काच रंगाला चिकटू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट.

तैलचित्राला काच लागत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ते पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका. आतली भिंत निवडा आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळतो.