टोमॅटोची फळकूज: ट्रायकोडर्मा, बोर्डो की आधी बांधणी?

खालच्या घोसातली हिरवी फळं आधी नासतायत, डागावर फिकट-गडद तपकिरी वलयं आहेत आणि डागाची कड गुळगुळीत आहे, तर ती बहुधा फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगकारकामुळे होणारी फळकूज. फक्त फळाचं बूड काळं पडून चामड्यासारखं झालं असेल, तर खालचं काहीच तुमच्या कामाचं नाही. तो रोगच नव्हे. फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून ते होतं, आणि बहुतेकदा त्याचं कारण पाणी असतं: चार दिवस कडक ताण, मग एकदम चिखल. तिथे औषध नको, पाण्याच्या पाळ्या सुधारा.

फायटोप्थोरा मातीत राहतो. ओल मिळाली की पाण्यात पोहणारे बीजाणू सोडतो. फळ जमिनीला टेकलं किंवा पावसाच्या थेंबाबरोबर माती उडून फळावर बसली, की काम झालं. म्हणून माझ्या मते बांबू-तार-सुतळीची बांधणी, खालची वीत-दीड वीत पानं काढणं आणि झाडाखाली पेंढ्याचं आच्छादन हा पहिला उपाय; बाटलीतले सगळे त्याच्यानंतर. मजुरी लागते हे खरं. सततच्या ओलीत पेंढ्याखाली गोगलगायीही जमतात. आणि हवेतून येणाऱ्या उशिराच्या करप्याला बांधणी अडवत नाही, तिथे तिचा उपयोग पानं लवकर वाळण्यापुरताच.

आता खरी निवड: ट्रायकोडर्मा की बोर्डो?

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. ती मातीत जागा आणि अन्न अडवते, रोगकारकावर वाढून त्यालाच खाते. पण तिला वेळ लागतो. लागवडीआधी एकरी साधारण १ किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायची, सावलीत ओलसर ठेवून आठवडाभर मुरवायची, मग वाफ्यात द्यायची. कोरड्या, सेंद्रिय पदार्थ नसलेल्या मातीत ती टिकत नाही. फळं नासायला लागल्यावर आळवणी करून चार दिवसांत गुण शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. पाकिटावरची मुदत बघा. उन्हात तापलेलं पाकीट म्हणजे नुसती पावडर.

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. त्याचं उलट आहे. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी ते पुढे आणलं, आणि फायटोप्थोरा त्याच केवड्याच्या भावकीतला. १ टक्का द्रावणासाठी १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवा, प्लॅस्टिकच्या भांड्यात, मग एकत्र करा. लोखंडी विळा बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा. त्याच दिवशी संपवा. पावसाआधी फळांवर आणि खोडाच्या खालच्या भागावर बसलं तरच फायदा, कारण ते फक्त रोगाला आत शिरू देत नाही. आत शिरलेल्याला काढत नाही. कोवळ्या रोपांवर आणि थंड, दमट हवेत पानं भाजू शकतात. शिवाय तांबं मातीत साठत जातं, विघटन होत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर मर्यादा आधी विचारून घ्या.

दोन्ही एका टाकीत कधीच नको. ट्रायकोडर्मा आधी मातीत, बोर्डो नंतर आणि गरजेपुरतं पानाफळांवर.

सुडोमोनास आणि बॅसिलस हे मित्रजीवाणू म्हणजे ट्रायकोडर्मा आणि बोर्डो यांच्या मधले पर्याय. बॅसिलसचे बीजाणू तगडे, साठवणीत जास्त टिकतात, त्यामुळे एकच घ्यायचं तर मी ते घेईन. आंबट ताक आणि गोमूत्राचे अनुभव लोक सांगतात, पण पावसाची झड लागली असताना त्यांच्यावर पीक सोडण्याचं धाडस मी करणार नाही.

पाऊस चार दिवसांवर आहे आणि फळं नासायला लागलीत? मग आज खालची टेकलेली फळं उचला, नासलेली पोत्यात भरून शेताबाहेर न्या, सरीत फेकू नका; उद्या बोर्डो.