नवेगावबांध बोट + साइटसीइंग पॅकेज : बोटीला पाच स्टार, पॅकेजला दोन

थंडीत गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावावर जा बाप्पा, नक्की जा, पण बुकिंग करतानाच सांगून ठेवा का बोट पहाटेची पाहिजे. आमच्या पॅकेजवाल्यानं ऊन चढल्यावर बोट सोडली, इंजिन धडधडत, वरून कोणीतरी स्पीकर लावलेला, मग पक्षी थांबतात का? अख्खा थवा उठून पलीकडं गेला.

दिवस वाचवला तो नावाड्यानं. ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातला माणूस, याच पाण्यावर वाढलेला. त्यानं स्पीकर बंद करायला लावला, मोटर बंद केली, बांबूनं रेटत बोट बेशरमच्या झुडपाआड नेली नि म्हणे, "आता बोलू नका जी." जराशानं आधी वारकरी, म्हणजे पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी, परत आले, मग शिट्ट्या मारत अडई बदकं, मग शेपटीला टोक असलेली तलवार बदकं, आणि काठावरच्या गवतात पट्टकदंब नावाचे हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे अगदी साफ दिसत होते. हिमालय ओलांडून येतात हे, इथं मात्र गाईसारखे निवांत चरतात. मग काठावर उतरवून त्यानं दगडावरची पाणमांजराची विष्ठा दाखवली, सगळे माशाचे खवलेच खवले. पाणमांजर काही दिसलं नाही पण लय भारी वाटलं. सोबतच्या गाइडला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो फक्त कोलू पाटलानं तलाव कसा बांधला ते पाठ केल्यासारखं सांगत होता.

जाहिरातीत सारस पक्ष्याचा फोटो आहे, त्याला भुलू नका. सारस पाहायचे तर गोंदिया तालुक्यात, बालाघाटच्या सीमेकडच्या धानाच्या बांध्यांत जावं लागते.

जेवण झकास, भात, लाखोरीची डाळ, मरळ माशाचा रस्सा, वाढणाऱ्या काकू आग्रह करून वाढतात.

दुपारनंतरचं सगळं घाईघाईत. इटियाडोह धरणावर सेल्फी काढा अन् गाडीत बसा. गोठणगावची तिबेटी वसाहत १९७२ ची, मठ सुंदर आहे, पण थंडीत तिथले बरेच लोक स्वेटर विकायला बाहेरगावी गेलेले असतात, अर्धी घरं कुलपात. पक्षी तिकडून इकडं यायची नि वसाहत रिकामी व्हायची वेळ एकच, हे पॅकेजवाल्याला कोणी सांगावं! त्यापेक्षा संध्याकाळी परत बोटीवर नेलं असतं तर बरं झालं असतं.

लाइफ जॅकेट मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या. दुर्बीण घरूनच न्या.